शिवगामीचा मुखवटा

धुळ्यात जन्मलेली एक मुलगी 'बाहुबली'तल्या माहिष्मतीची शिवगामी झाली होती. मृणाल ठाकूर तिचे नाव. शाळेची काही वर्षे जळगावात, पुढे मुंबई, 'विटी दांडू'सारखे मराठी चित्रपट, 'कुमकुम भाग्य' ही हिंदी मालिका, मग 'लव्ह सोनिया' आणि 'सुपर ३०'. हा प्रवास खानदेशाने कौतुकाने पाहिला. त्यातला एक मोठा तुकडा मात्र खानदेशानेच काय, जगातल्या कुठल्याच प्रेक्षकाने पाहिलेला नाही. हैदराबादेत उभारलेल्या राजवाड्यात, दागिन्यांनी मढून, तलवार हाती घेऊन तिने साकारलेली तरुण शिवगामी कुठल्या पडद्यावर आली नाही. ती का आली नाही, हे समजून घ्यायला हैदराबादइतकाच धुळे जिल्ह्यातल्या पिंपळनेरचाही उपयोग होतो. त्यासाठी आधी मूळ चित्रपटाकडे जाऊ.

'बाहुबली'चा पहिला भाग १० जुलै २०१५ला आला. नदीच्या पुरात बुडत चाललेली एक जखमी स्त्री, पाण्यावर उरलेला तिचा एक हात आणि त्या हातात तान्हे बाळ. चित्रपटाची सुरुवातच अशी होती. ती स्त्री शिवगामी आणि ती भूमिका रम्या कृष्णन यांची. एस. एस. राजामौली यांनी वडील व्ही. विजयेंद्र प्रसाद यांच्या कथेवर माहिष्मतीचे राज्य उभे केले. साबू सिरिल यांनी त्याचे वाडे आणि हत्यारे घडवली. कालकेय नावाच्या टोळीसाठी मदन कार्की यांनी 'किलिकी' ही भाषा रचली, शेकडो शब्दांची आणि स्वतःचे व्याकरण असलेली. पहिला भाग एका प्रश्नावर थांबला. कटप्पाने बाहुबलीला का मारले? २८ एप्रिल २०१७पर्यंत हा प्रश्न चहाच्या टपरीपासून लग्नाच्या मांडवापर्यंत फिरत राहिला. दुसऱ्या भागाने जगभरात हजार कोटींच्या वर गल्ला जमवला. तोवर कुठल्याही भारतीय चित्रपटाला ते जमले नव्हते.

माहिष्मती हे नाव मात्र कल्पनेतले नाही आणि खानदेशाला ते दूरचेही नाही. धुळ्याहून आग्रा रस्त्याने निघालात की शिरपूर, मग सातपुडा ओलांडून सेंधवा, पुढे धामनोद. तिथून वळले की नर्मदेच्या काठी महेश्वर लागते. पुराणातल्या सहस्रार्जुनाची माहिष्मती ती हीच, असे बहुतेक अभ्यासक मानतात. काहींचा कौल मांधात्याकडे आहे. कालिदासाने 'रघुवंशा'त इंदुमतीच्या स्वयंवराच्या प्रसंगी या नगरीचे नाव घेतले आहे आणि अहिल्याबाई होळकरांनी इथूनच राज्य केले. चित्रपटाने या नगरीचे फक्त नाव घेतले, बाकी सगळे नवे बांधले. पण खानदेशातल्या माणसाला त्या नावात शेजारचा वास येतो. मला तरी येतो.

असा चित्रपट लोकांच्या मनात घर करून बसला की एक मागणी आपोआप तयार होते. अहिराणी घरात आजी गोष्ट सांगताना थांबली की पोरगे विचारते, "मंग काय व्हयनं?" मालिकेचे सगळे अर्थकारण या तीन शब्दांवर उभे आहे. आणि पुढचे सांगून संपले असेल तर पोरगे मागचे विचारते. शिवगामी एवढी कठोर का? ती कुणाची मुलगी? बिज्जलदेवासारखा नवरा तिने का पत्करला? चित्रपटाला अडीच तासांत या वाटेला जाता येत नव्हते. आनंद नीलकांतन यांनी २०१७मध्ये 'द राइज ऑफ शिवगामी' ही इंग्रजी कादंबरी लिहिली आणि त्या वाटेचा पहिला नकाशा हाती आला.

ऑगस्ट २०१८मध्ये नेटफ्लिक्सने या कादंबरीवरून मालिका करत असल्याचे जाहीर केले. नाव 'बाहुबली: बिफोर द बिगिनिंग', म्हणजे आरंभाच्याही आधीची गोष्ट. दिग्दर्शनाला देवा कट्टा आणि प्रवीण सत्तारू, शिवगामी म्हणून मृणाल ठाकूर. चित्रीकरण झाले, पण जे तयार झाले ते पसंत पडले नाही आणि बाजूला ठेवले गेले. मग नव्या दिग्दर्शकांकडे काम गेले, नवी माणसे आली, शिवगामी म्हणून वामिका गब्बीचे नाव पुढे आले आणि पुन्हा चित्रीकरण झाले. जानेवारी २०२२मध्ये तेही गुंडाळल्याच्या बातम्या आल्या. वृत्तपत्रांत दीडशे कोटींच्या खर्चाचा आकडा छापून आला. एक राणी, दोन अभिनेत्री, दोनदा बांधलेले राज्य आणि पडद्यावर शून्य.

हे एकट्या आपल्याकडेच घडले असे नाही. 'गेम ऑफ थ्रोन्स'च्या यशानंतर एचबीओने त्याच जगातली हजारो वर्षांपूर्वीची गोष्ट हाती घेतली, पहिला भाग मोठ्या खर्चाने चित्रित केला आणि ऑक्टोबर २०१९मध्ये ती रद्द करून दुसऱ्याच गोष्टीला हिरवा कंदील दाखवला. ही दुसरी गोष्ट म्हणजे 'हाउस ऑफ द ड्रॅगन'.

पैसा होता, कसब होते, प्रेक्षक तर हात जोडून वाट पाहत होता. मग अडते कुठे?

यासाठी पिंपळनेरच्या पश्चिमेला जावे लागते. साक्रीहून पिंपळनेर, तिथून कुडाशी, वार्सा या बाजूला निघालात की डोंगर जवळ येतात आणि कोकणा, भिल्ल, मावची वस्त्या सुरू होतात. या पट्ट्यापासून खाली डांग, सुरगाणा, पेठ, मोखाडा, जव्हारपर्यंत उन्हाळ्यात, शेतीची कामे आटोपली की, रात्र-रात्र सोंगे नाचतात. कुठे त्याला भोवाडा म्हणतात, कुठे भवाडा, कुठे बोहाडा. हलक्या लाकडाचे किंवा कागदाच्या लगद्याचे मोठमोठे मुखवटे, मशालींचा उजेड, संबळाचा ठेका. आधी गणपती येतो. सरस्वती येते. मग एकेक सोंग येते, गोल फेऱ्यांत नाचते आणि निघून जाते. नरसिंह येतो, रावण येतो, राक्षस येतात, देव येतात. अनेक ठिकाणी शेवटी देवी आणि महिषासुराचे युद्ध होते आणि उत्सवाची सांगता होते.

बारकाईने पाहिले तर ही मालिकाच आहे. एकेक सोंग म्हणजे एकेक भाग. कुणी मध्येच उठून चहा पिऊन येतो, कुणाचे मूल मांडीवर झोपते, पहाटे कुणीतरी त्याला हलवून उठवतो, "ऊठ, देवी आली." महिषासुर मरणार हे पाच वर्षांच्या पोरालाही ठाऊक असते. शेवट माहीत असल्याने पाहण्यातला रस तसूभर कमी होत नाही. आधीची गोष्ट सांगणाऱ्या मालिकांवर एक आक्षेप नेहमी घेतला जातो, की शेवट माहीत असताना पाहायचे काय? भोवाड्याने हा आक्षेप कधीच निकालात काढला आहे.

पण भोवाड्यातली आणखी एक गोष्ट या प्रकरणाच्या केंद्राशी आहे. कित्येक गावांत अमुक सोंग अमुक घराचे असा मान ठरलेला असतो. आजोबा नाचले, मग बाप नाचला, आता मुलगा नाचतो. शरीर बदलते, उंची बदलते, पाय टाकण्याची ढबही बदलते. मुखवटा तोच राहतो. रावणाचे सोंग यंदा दुसऱ्याने घेतले म्हणून गावातला एकही माणूस 'हा आमचा रावण नव्हे' असे म्हणत नाही. रावण मुखवट्यात आहे, माणूस त्याला फक्त पाय देतो.

चित्रपटाने नेमका हा व्यवहार उलटा केला. कॅमेरा माणसाच्या चेहऱ्याच्या इतका जवळ गेला की चेहराच मुखवटा झाला. शिवगामी म्हणजे रम्या कृष्णन यांचे डोळे, कपाळावरचे कुंकू आणि त्यांचा आवाज. हा मुखवटा उतरवून दुसऱ्याच्या हाती देता येत नाही. धुळ्याच्या मुलीने कितीही जीव ओतला असता तरी प्रेक्षक पहिले काही भाग तिच्यात रम्या कृष्णन शोधत बसला असता. मालिका नेमकी का सोडून दिली, हे कंपनीच्या बंद खोलीतले कारण आहे आणि त्यावर मी बोलणार नाही. पण कुठल्याही आवडत्या अद्भुत चित्रपटाची मालिका करणाऱ्याला ही भिंत लागतेच, एवढे मी खात्रीने म्हणतो.

सुरुवातीच्या सिनेमाला ही भिंत लागत नव्हती. दादासाहेब फाळके यांनी १९१३च्या 'राजा हरिश्चंद्र'मध्ये तारामतीच्या भूमिकेत अण्णा साळुंके या पुरुषाला उभे केले. चार वर्षांनी 'लंकादहन' केला तेव्हा याच साळुंके यांनी राम आणि सीता अशा दोन्ही भूमिका केल्या. आणि तो चित्रपट पाहायला लोकांची रीघ लागली. एकच माणूस राम होतो, तोच सीता होतो, हे त्या प्रेक्षकाला खटकले नाही, कारण तो भोवाड्याच्या, दशावताराच्या, ललिताच्या मांडवातून उठून आला होता. सोंग आणि माणूस वेगळे असतात ही त्याची सवयीची समज होती.

ही समज खानदेशाच्या शेजारी मालेगावात जवळपास शंभर वर्षांनंतरही जिवंत होती. नासिर शेख आणि त्यांच्या मित्रांनी हाती येईल त्या साधनांवर 'मालेगाव के शोले' केला आणि पुढे 'मालेगाव का सुपरमॅन'. त्यांचा सुपरमॅन होता शफीक शेख, यंत्रमागावर काम करणारा, अंगाने काडीसारखा. हिरव्या कापडासमोर त्याला आडवे धरून आकाशात उडवले. फैजा अहमद खान यांनी या खटाटोपावर २००८मध्ये माहितीपट केला. पुढे रीमा कागती यांनी 'सुपरबॉईज ऑफ मालेगाव' हा चित्रपट केला, तो २०२५मध्ये चित्रपटगृहांत आला. शफीकला पाहून 'हा सुपरमॅन कसा?' असे मालेगाव म्हणाले नाही. निळा-लाल पोशाख हाच तिथे मुखवटा होता. तो ज्याने चढवला तो सुपरमॅन.

आता मराठीतला सगळ्यांत लाडका मुखवटा घ्या. महेश कोठारे यांचा 'झपाटलेला' १९९३चा. त्यातला तात्या विंचू म्हणजे रामदास पाध्ये यांच्या हातचा बाहुला आणि दिलीप प्रभावळकर यांचा आवाज. वीस वर्षांनी, २०१३मध्ये 'झपाटलेला २' आला, तोही त्रिमितीत. मधल्या काळात, डिसेंबर २००४मध्ये, पहिल्या चित्रपटात लक्ष्या साकारणारे लक्ष्मीकांत बेर्डे गेले होते. लक्ष्या परत येऊ शकला नाही. तात्या विंचू आला, आणि थिएटरातल्या पोरांनी त्याला पाहताच ओळखले. कोठारे यांच्या संस्थेने पुढे दूरचित्रवाणीवर 'जय मल्हार' आणि 'विठू माऊली' या मालिका केल्या. त्याही देवांच्या, म्हणजे ज्यांचे रूप चेहऱ्याआधी मुकुटाने, भंडाऱ्याने आणि शस्त्राने ओळखले जाते त्यांच्या. हा योगायोग आहे असे मला वाटत नाही.

तात्या विंचूचा अमेरिकेतला थोरला भाऊ म्हणजे चकी, १९८८च्या 'चाइल्ड्स प्ले'मधला बाहुला. त्याची २०२१मध्ये मालिका झाली आणि ती तीन हंगाम चालली. त्याला आवाज देणारे ब्रॅड डूरिफ १९८८पासून तेच. बाहुला म्हातारा होत नाही. आवाज होतो, पण आवाजाला वय उशिरा दिसते.

याच वाटेने 'बाहुबली'सुद्धा मालिकेत गेला, फक्त ही गोष्ट गाजावाजा न होता घडली. २०१७मध्येच ग्राफिक इंडियाने केलेली 'द लॉस्ट लेजंड्स' ही ॲनिमेशन मालिका ॲमेझॉनवर आली, तरुण बाहुबली आणि त्याचा चुलतभाऊ भल्लालदेव यांची. १७ मे २०२४पासून हॉटस्टारवर 'क्राउन ऑफ ब्लड' आली, तीही ॲनिमेशन. या दुसऱ्या मालिकेत हिंदी बाहुबलीचा आवाज शरद केळकर यांचा आहे, ग्वाल्हेरच्या मराठी घरातल्या मुलाचा. मूळ चित्रपटांच्या हिंदी आवृत्तीत प्रभासला आवाज त्यांनीच दिला होता. चेहरा चित्रात विरघळला, पण आवाज जुना राहिला आणि प्रेक्षकाला ओळख पटली. २०२१च्या दिवाळीत शेमारू मराठीबाणा वाहिनीने 'बाहुबली' मराठीत आणला. प्रवीण तरडे यांनी त्याची सूत्रे सांभाळली आणि बाहुबलीला आवाज अमोल कोल्हे यांचा. तिथे उलट घडले. चेहरा जुना, आवाज नवा. खानदेशात 'बाहुबली' आधी हिंदीत ऐकलेला, त्यामुळे कान सरावायला थोडा वेळ लागला असेल. पण शिवगामी मराठीत आज्ञा देते तेव्हा तिचा अधिकार वेगळाच जाणवतो. राजमातेची मराठी आपल्या कानांत जिजाऊंपासून आणि अहिल्याबाईंपासून मुरलेली आहे.

चित्राचा आणखी एक व्यावहारिक फायदा आहे. जिवंत माणसांचे चित्रीकरण बिघडले तर राजवाडा पुन्हा उभारावा लागतो, शेकडो माणसे पुन्हा सजवावी लागतात. ॲनिमेशनमध्ये कच्च्या रेखाटनांच्या पायरीवरच दिसते की गोष्ट पांगळी आहे. तिथे चूक खोडरबराने पुसली जाते. हैदराबादेत ती कोट्यवधी रुपयांनी पुसावी लागली.

मुखवटा असला म्हणजे सगळे साधले असे मात्र नाही. जिम हेन्सन आणि फ्रँक ओझ यांचा १९८२चा 'द डार्क क्रिस्टल' हा संपूर्ण बाहुल्यांचा चित्रपट. त्याची आधीची गोष्ट सांगणारी दहा भागांची मालिका नेटफ्लिक्सने ३० ऑगस्ट २०१९ला आणली. हाताने चालवलेल्या बाहुल्या, प्रत्येकीमागे कारागिरांची टोळी. काम इतके देखणे की तिला एमी पुरस्कार मिळाला आणि जवळपास त्याच सुमारास, सप्टेंबर २०२०मध्ये, ती पुढे चालवणार नसल्याचे जाहीर झाले. तिकीट विकून चालणाऱ्या चित्रपटाचा हिशेब प्रेक्षकसंख्येवर असतो. दरमहा वर्गणीवर चालणाऱ्या मंचाचा हिशेब वेगळा. या मालिकेमुळे नवे वर्गणीदार किती आले, आणि पहिला भाग लावणाऱ्यांपैकी शेवटपर्यंत किती पोचले? खर्च मोठा आणि पोचणारे थोडे, की मालिका बंद. तिच्यावर जीव लावणारे किती आहेत, याला त्या हिशेबात रकाना नाही.

'विलो'ची गोष्ट तर याहून वाईट. जॉर्ज लुकास यांची कथा, रॉन हॉवर्ड यांचे दिग्दर्शन आणि अवघ्या सतरा-अठरा वर्षांचा, ठेंगण्या चणीचा वॉरविक डेव्हिस नायक, असा हा १९८८चा चित्रपट. चौतीस वर्षांनी, ३० नोव्हेंबर २०२२ला, डिस्नेने त्याची मालिका आणली. विलोच्या भूमिकेत पुन्हा डेव्हिसच होता, आता प्रौढ. इथे चेहऱ्याची अडचण सगळ्यांत प्रामाणिक मार्गाने सोडवली होती. चेहऱ्याला म्हातारा होऊ दिला. जुना साथी मॅडमार्टिगन साकारणारे व्हॅल किल्मर आजारपणामुळे येऊ शकले नाहीत, तर त्याची अनुपस्थितीच कथेचा एक धागा झाली. आठ भाग झाले. मार्च २०२३मध्ये मालिका थांबली. २६ मे २०२३ला ती मंचावरून काढूनच टाकली. त्या वर्षी डिस्नेने काढून टाकलेल्या मालिका-चित्रपटांपोटी दीड अब्ज डॉलरचे मूल्य आपल्या हिशेबातून कमी केले. १९८८चा चित्रपट आजही विकत घेऊन पाहता येतो. त्यावरून २०२२मध्ये झालेली मालिका मंचावर सहा महिनेही टिकली नाही.

यातून एक धडा सरळ निघतो आणि तो मालिका करणाऱ्यांनी भोवाड्याकडून घ्यावा. भोवाड्यात मुखवटा गावाकडे राहतो. तो घरात जपला जातो, दरवर्षी रंगवला जातो, चीर पडली तर बुजवली जाते. यंदा लोक कमी आले म्हणून कुणी नरसिंहाचा मुखवटा जाळत नाही. मंचाने काढून टाकलेली मालिका जपायला मात्र कुणाचे घर नाही, कारण तिची प्रत प्रेक्षकाच्या हाती कधी दिलीच नव्हती. जुना 'विलो' लोकांच्या कपाटात कॅसेटच्या रूपाने होता. म्हणून तर त्याची मालिका मागणारे उरले.

३१ ऑक्टोबर २०२५ला 'बाहुबली'चे दोन्ही भाग जोडून 'द एपिक' या नावाने पुन्हा चित्रपटगृहांत लावले गेले. पावणेचार तास. दहा वर्षांपूर्वी जे बापाच्या खांद्यावर बसून आले होते ते आता मित्रांबरोबर आले. पुरातला तो हात पुन्हा वर आला आणि टाळ्या पडल्या. मालिकेसाठी दोनदा झालेले चित्रीकरण मात्र बंदच आहे.

फाळके यांच्या 'राजा हरिश्चंद्र'च्या चार रिळांपैकी पहिले आणि शेवटचे एवढेच आज पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयात उरले आहे. मधली हरवली. ज्यांच्या ताब्यात शिवगामीचे ते चित्रीकरण आहे त्यांना एवढीच विनंती आहे. दाखवू नका, पण पुसू नका. फसलेले असेल, अर्धवट असेल, तरी ते पुण्याच्या किंवा हैदराबादच्या एखाद्या संग्रहालयात ठेवा. धुळ्याच्या मुलीने माहिष्मतीचा मुखवटा कसा पेलला, हे खानदेशातल्या एखाद्या पोराला पन्नास वर्षांनी का होईना, पाहता आले पाहिजे.